कला महाविद्यालयात न जाता व्यक्तिचित्रकार होता येतं का? प्रेरणा कोणाकडून घ्यावी आणि ध्येय कोणतं ठेवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 34, बँकेत नोकरी. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, मग चित्रकला सुटली. आता गेली काही वर्षं मोबाइलमधल्या फोटोंवरून पेन्सिलीने चेहरे काढता. बघणारे 'अगदी फोटोच वाटतो' म्हणतात. रविवर्मा आवडतात. आता वय उलटून गेलं का याची काळजी वाटते, आणि मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन करायचं मनात आहे. यापुढे कोणाकडे बघून शिकावं, कसली स्वप्नं पाहावीत, आणि रीतसर शिक्षण नसल्यामुळे गाडी कुठे अडेल?

मी स्वतः कुठल्याच कला महाविद्यालयात गेलेलो नाही. कोल्हापुरात राहून गेली तीसेक वर्षं चारकोलमध्ये (कोळशाच्या कांडीने) आणि तैलरंगात व्यक्तिचित्रं करतो आणि त्यावरच माझं घर चालतं. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो. अडतं ते एकाच ठिकाणी. कॉलेजातल्या विद्यार्थ्यासमोर तासन्‌तास एक जिवंत माणूस मॉडेल म्हणून बसवलेला असतो. घरी शिकणाऱ्याला तो माणूस स्वतः मिळवावा लागतो, आणि बहुतेक जण तो मिळवतच नाहीत. हाडांची रचना, रंगमिश्रण, कॅनव्हासला अस्तर कसं लावायचं, हे सगळं आज घरबसल्या कळतं. समोर बसलेला, श्वास घेणारा, मधूनच मान हलवणारा माणूस मात्र घरबसल्या मिळत नाही. पुढे जे काही सांगणार आहे ते याच एका गोष्टीभोवती आहे.

रविवर्म्यांचं उदाहरण मी नवशिक्यांना नेहमी देतो, पण त्यांच्या चित्रांमुळे नव्हे, ते ज्या पद्धतीने शिकले त्यामुळे. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा चित्रकार व्यक्तिचित्रं करण्यासाठी त्रावणकोरच्या दरबारात आला होता. तरुण रविवर्म्यांना तैलरंग शिकवायला तो तयार झाला नाही. काम चालू असताना शेजारी उभं राहून बघण्याची मुभा तेवढी मिळाली. त्या बघण्यावर आणि नंतरच्या स्वतःच्या खटपटीवर त्यांनी हे माध्यम हस्तगत केलं, आणि 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळालं. काम करणारा हात प्रत्यक्ष बघायला मिळणं किती मोलाचं असतं, ते यावरून कळावं. आपल्याकडे मुंबई, पुणे, कोल्हापूर, सांगली इथे व्यक्तिचित्रणाची प्रात्यक्षिकं होत असतात. बहुतेक ठिकाणी प्रवेश सगळ्यांना खुला असतो. तिथे पहिल्या रांगेत बसा आणि चित्रकाराच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा. तो कॅनव्हासकडे किती वेळ बघतो आणि मॉडेलकडे किती वेळ? चांगला चित्रकार मॉडेलकडे जास्त बघतो. घरी फोटोवरून काम करणाऱ्याचं नेमकं उलट झालेलं असतं, नजर कागदावरच खिळलेली असते.

आमच्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (1890-1954) माझ्यासाठी याहूनही जवळचे. वडील कृष्णा मिस्त्री हे हरहुन्नरी कारागीर. बाबूरावांनी चित्रकला आणि शिल्पकला स्वतःची स्वतःच कमावली. तारुण्यात बंधू आनंदराव पेंटर यांच्याबरोबर त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आणि पुढे चित्रपटासाठी कॅमेरासुद्धा स्वतः तयार केला. सिनेमामुळे त्यांचं नाव झालं, पण मला ते व्यक्तिचित्रकार म्हणून भावतात. माझा असा समज आहे की त्यांच्या चेहऱ्यांतला तो मऊ उजेड पडदे रंगवतानाच तयार झाला असावा. नाटकाचा पडदा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही वाचता यावा लागतो. तिथे पापण्यांचे केस मोजत बसून भागत नाही. उजेड कुठे, अंधार कुठे, हे मोठ्या आकारांत आधी ठरवावं लागतं. त्यांचे चेहरे बघताना आधी गालावरचा उजेडाचा एक मोठा पट्टा दिसतो, डोळा-नाक नंतर सापडतात. 'फोटोच वाटतो' अशी शाबासकी ज्याला मिळते, त्याने बाबूरावांची चित्रं आवर्जून पाहावीत. ती फोटोसारखी वाटत नाहीत आणि तरीही माणूस समोर बसल्यासारखा वाटतो.

वयाची काळजी तुम्ही लिहिली आहे, म्हणून एवढंच सांगतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते 1880 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. सुरुवात केली शार्ल बार्गने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली रेखांकनं गिरवून, एकेक करून, पुन्हा पुन्हा. पुढे मॉडेलला द्यायला पैसे नसत म्हणून आरसा समोर ठेवून त्याने स्वतःचा चेहरा रंगवला. पस्तीसहून अधिक आत्मचित्रं त्यातून झाली. मॉडेल मिळत नाही ही सबब मी कोणाकडूनच ऐकून घेत नाही, त्याचं कारण हेच. आरसा प्रत्येक घरात असतो, आणि त्यातला माणूस बसायला कधी नाही म्हणत नाही.

आता ही चित्रं बघायची कुठे? मोबाइलवर बघून प्रेरणा मिळते असं वाटतं, प्रत्यक्षात मिळते ती नुसती हुरहुर. मूळ चित्रासमोर उभं राहणं हा अनुभव वेगळा आहे. सातारा जिल्ह्यात औंधला यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते 1938 मध्ये उभारलं. तिथे रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत, युरोपातल्या नामवंत चित्रांच्या प्रतिकृतीही आहेत. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात या अभिनेत्याने केलेली पावडर शेडिंगची कामं आहेत. तुम्ही पेन्सिलवाले आहात, तेव्हा ती तुम्ही बघायलाच हवीत, कारण रेषेचा फारसा आधार न घेता नुसत्या गडद-फिक्या छटांतून रूप कसं उभं राहतं ते तिथे दिसतं. पणजीला गेलात तर फोंतेन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत गोव्याचे चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद (1870-1935) यांचा संग्रह आहे. सतराव्या शतकातल्या डच व्यक्तिचित्रकाराच्या नावावरून त्रिंदादांना 'पूर्वेचा रेम्ब्रां' म्हणत. घरातली, जवळची माणसं त्यांनी ज्या मायेने रंगवली आहेत ते बघताना मी फार वेळ रेंगाळतो. आणि म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं दिवा हातात धरलेल्या स्त्रीचं चित्र आहे, ज्याला पुष्कळ लोक चुकून रविवर्म्यांचं समजतात. मॉडेल म्हणून त्यांची स्वतःची मुलगी उभी होती आणि चित्र आहे जलरंगातलं. दिव्यावर धरलेल्या बोटांमधून उजेड आरपार येतो, तो लालसर केशरी रंग जलरंगात किती स्वच्छ ठेवला आहे, हे छापील प्रतीत कळत नाही.

संग्रहालयात जाताना एकच प्रश्न मनात ठेवून जा. आज फक्त चेहऱ्याच्या कडा बघायच्या: कुठे कडक, कुठे विरघळलेल्या. पुढच्या वेळी फक्त सावलीतले रंग. मग चित्रासमोरच वहीत पेन्सिलीने छोटं टिपण काढा, पोस्टकार्डाएवढं, नुसते तीन टोन: गडद, मधला, फिका. असं एक टिपण मोबाइलमध्ये साठवलेल्या शेकडो फोटोंपेक्षा जास्त देतं.

फोटोबद्दल आता सविस्तर बोलायला हवं, कारण तुमचं सगळं काम त्यावर उभं आहे. फोटो वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. पण फोटो कुठे फसवतो ते माहीत हवं. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. हातभर अंतरावरून चेहरा टिपला की नाक मोठं होतं, कपाळ फुगतं, कान मागे पळतात. तुम्ही तो फोटो कितीही काटेकोर उतरवलात तरी आईला वाटणारच, 'माझा मुलगा असा दिसत नाही.' ती बरोबर असते. म्हणून फोटो स्वतः काढायचा असेल तर सहा-सात फूट मागे जा आणि दुपटीचा झूम वापरा. दुसरं म्हणजे, फोटोत सावल्या काळ्या ठिक्कर होतात आणि उजेडातला भाग पांढरा फटक. प्रत्यक्षात सावलीच्या आत किती तरी हालचाल असते: हनुवटीखाली सदऱ्याचा रंग वर उडालेला असतो, कानाची पाळी उजेडात लालसर दिसते. तिसरं, आजकालचे मोबाइल आपणहून त्वचा गुळगुळीत करतात. ज्या सुरकुत्यांत माणूस आहे त्या पुसलेल्या असतात, आणि आपण त्या पुसलेल्या चेहऱ्यावर आठवडे घालवतो.

समोर माणूस बसवायचा कसा? घरातूनच सुरुवात करा. पेपर वाचणारे वडील, दुपारी टेकून डोळा लागलेली आजी. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम, कारण तिथला उजेड दिवसभरात फारसा बदलत नाही. खोलीतले दिवे बंद करा. वीस मिनिटं बसणं, पाच मिनिटं विश्रांती असा क्रम ठेवा आणि उठण्यापूर्वी खुर्चीच्या पायांशी व माणसाच्या पावलांशी खडूने खुणा करा, नाहीतर परत बसल्यावर सगळे कोन बदललेले असतात. पहिली पाच मिनिटं पेन्सिल खाली ठेवून नुसतं बघा. मग डोळे बारीक करून बघा, म्हणजे बारकावे जातात आणि उजेड-सावलीचे दोन-तीन मोठे आकार उरतात. ते आधी मांडा. हात सरळ ताणून पेन्सिलीने मापं घ्या. डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येते. नवशिका ती हमखास वर चढवतो, कारण कपाळ आणि डोक्याचा वरचा भाग त्याला महत्त्वाचा वाटत नाही. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंतच्या पट्ट्यात बसतात. मान खांद्यांतून सरळ वर येत नाही, पुढे झुकलेली असते.

साम्य डोळ्यांत असतं असा समज आहे. मला तसं वाटत नाही. ओळखीचा माणूस रस्त्याच्या पलीकडे पाठमोरा चालत असला तरी आपण त्याला ओळखतो, ते मानेच्या कलावरून, खांद्यांच्या उतारावरून, डोक्याच्या घडणीवरून. ते मोठे आकार बरोबर आले की डोळे अर्धवट असतानाच बघणारा नाव सांगतो. ते चुकले तर बुबुळात कितीही चमक भरा, परका माणूसच बघत राहतो. पाहिलेलं तपासायचं असेल तर चित्र आरशात बघा. उलटं दिसताच तिरपे डोळे, घसरलेलं तोंड लगेच पकडता येतं.

घराबाहेरच्या सरावासाठी एसटी स्टँडसारखी जागा नाही. लोक हलतात, उठून जातात, म्हणूनच ती चांगली. दोन मिनिटांत जे मिळेल ते टिपायचं, उरलेलं लक्षात ठेवून घरी पूर्ण करायचं. कोणी विचारलं तर वही दाखवा. कोणी नको म्हटलं तर पान उलटा.

रंगाकडे वळाल तेव्हा एकच गोष्ट आताच सांगून ठेवतो: दुकानात 'फ्लेश टिंट' नावाची तयार ट्यूब मिळते, ती घेऊ नका. तो गुलाबी रंग आपल्या माणसांचा नाही. स्वीडनचा आंदेर्स झोर्न याच्या नावाने ओळखली जाणारी पॅलेट फार थोड्या रंगांची आहे: यलो ऑकर (मातकट पिवळा), तांबडा (व्हर्मिलियन), आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी मी त्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) वाढवतो आणि वर्षानुवर्षं तेवढ्यावर काम करतो. सावळा रंग म्हणजे गोऱ्या रंगात काळा मिसळला असं कधीच करू नका, चेहरा मातीचा होतो. सावळ्या कपाळावर खिडकीतून आकाश उतरलेलं असतं, तिथला उजळ ठिपका निळसर असतो; सावलीची बाजू मात्र उबदार, तांबूस. पुरुषाच्या चेहऱ्याचा खालचा, दाढी केलेला भाग हिरवट-करडा, मधला पट्टा नाक-गाल-कानांमुळे लालसर, कपाळ त्या मानाने पिवळसर. हे नियम नव्हेत, पण प्रत्येक चेहऱ्यात हे शोधायची सवय लागली की रंग आपोआप सुचू लागतात.

मागणीच्या कामाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी ते येणारच. महाराष्ट्रात व्यक्तिचित्रकाराकडे सर्वाधिक येतं ते दिवंगत माणसाचं काम. हातात असतो एखादा धूसर, पासपोर्ट आकाराचा फोटो किंवा लग्नाच्या गर्दीतला चेहरा, आणि मागणी असते फेटा बांधलेल्या, खुर्चीत बसलेल्या वडिलांच्या मोठ्या तैलचित्राची. असं काम कमी दर्जाचं मानणारे चित्रकार मला भेटले आहेत. माझं मत अगदी उलट आहे. व्यक्तिचित्रकाराच्या शिक्षणाची ही सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची शाखा आहे. मी आधी त्या घरी जातो. ते कसे बसायचे, रागावले की काय करायचे, हात कुठे ठेवायचे, चष्मा वर कपाळावर चढवायचे का, हे विचारतो. मग भाऊ, मुलगा, नात यांच्यापैकी ज्याच्या चेहऱ्याची घडण त्यांच्याशी जुळते त्याला खिडकीपाशी बसवून अभ्यास करतो. फोटोत गालाचं हाड काळोखात बुडालेलं असतं, ते मुलाच्या गालावर मला सापडतं. म्हणजे फोटोवरून करायच्या चित्रासाठीही शेवटी जिवंत माणूसच लागतो. पैशांचं एकच सांगतो: निम्मी रक्कम आधी घ्या आणि कच्च्या रेखांकनाला घरच्यांची संमती मिळाल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

आता स्वप्नांबद्दल. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन करायचं असं तुम्ही लिहिलंत. इच्छा चांगली आहे, पण तिथला नंबर लागायला वर्षं जातात, आणि तोवर हाताशी काय असावं हे ठरवायला हवं. बॉम्बे आर्ट सोसायटी (1888) आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (1918) यांच्या वार्षिक प्रदर्शनांना चित्रं पाठवा. निवड झाली नाही तरी निवडलेली चित्रं जाऊन बघा. कोल्हापुरात शाहू स्मारक भवनाचं, पुण्यात बालगंधर्वचं कलादालन आहे, तिथे पहिलं प्रदर्शन जमवता येतं. आजच्या काळातलं मोठं उदाहरण हवं असेल तर वासुदेव कामत यांचं घ्या. 2006 मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार त्यांना मिळाला, तो पत्नीच्या व्यक्तिचित्राला. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, जगभर नाव झालेल्या चित्रकारानेही त्यासाठी घरातलंच माणूस समोर बसवलं होतं.

म्हणून माझा सल्ला असा की ध्येय ठिकाणाचं ठेवू नका, माणसांचं ठेवा. एक समूह निवडा, ज्याच्यापर्यंत तुमची सहज पोच आहे आणि ज्याला आजवर कोणी चित्रासाठी बसवलेलं नाही. तुमच्या बँकेत पेन्शनच्या दिवशी सकाळपासून रांगेत बसणारी वयस्क मंडळी आहेत. त्यांच्यापैकी दहा-बारा जणांची, सगळी एकाच आकाराची, एकाच खिडकीच्या उजेडातली, प्रत्यक्ष बसवून केलेली चारकोल चित्रं असा संच मनात धरा. त्यांना बसण्याचं मानधन द्या, चहा द्या, चित्राची एक चांगली प्रत द्या. बसल्या बसल्या ते बोलतील. बोलू द्या, तोंड हलतं म्हणून वैतागू नका. बोलताना चेहऱ्यावर जे येऊन जातं तेच टिपायचं आहे. दीड-दोन वर्षं लागतील. असा संच तयार झाला की कलादालनाचा अर्ज भरायला तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल.

माझं स्वतःचं म्हणाल तर मला एक समूहचित्र करायचं आहे, माणसं खऱ्या आकाराची. जागा गुऱ्हाळाची. काहिलीतला रस उकळतोय, वाफ वर चाललीय, गुळव्या वाकून पाक बघतोय, खाली चुलवाणात चिपाडं सारणाऱ्याच्या तोंडावर जाळाचा तांबडा उजेड आणि मागून शेडच्या उघड्या बाजूने येणारा सकाळचा थंड, निळसर उजेड. एकाच चेहऱ्यावर हे दोन उजेड भेटतात तिथे नक्की कोणता रंग येतो, यावर मी दर हंगामात दिवाळीनंतर तिथे बसून अभ्यास करतो. वाफेमुळे कडा क्षणाक्षणाला बदलतात. गुळव्याचा चेहरा मला आता बऱ्यापैकी कळला आहे. चुलवाणापाशी बसणाऱ्याचा अजून नाही, तो एका जागी थांबतच नाही.